सात नंबरची नस

काचेवर ओला झेंडू ठेवू नये, एवढी साधी गोष्ट नीळकंठ दंत महाविद्यालयात कुणाला सुचली नव्हती.

पहिल्या वर्षाची चौसष्ट पोरं पांढरे ॲप्रन घालून रांगेत उभी होती. जुनी रीत अशी, की शिकायला मिळालेल्या देहापुढं पहिल्या दिवशी हात जोडायचे, फूल वाहायचं, शपथ घ्यायची आणि मगच सुरीला हात लावायचा. दोन वर्षांपूर्वी देह गेले, त्यांच्या जागी काचेची लांब टेबलं आली. रीत तेवढी राहिली. पहिल्या पोरीनं बादलीतला निथळता झेंडू टेबलावर ठेवला. काचेला वाटलं, बोट आहे. आत झोपलेल्या बाईच्या पोटावरची कातडी अलगद उतरली. दुसऱ्यानं फूल ठेवलं, चरबी गेली. तिसऱ्याच्या फुलानं शेजारी पाटी उजळली : 'यकृत. अधिक माहितीसाठी पुन्हा स्पर्श करा.'

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"फुलं ताटात ठेवा रे, ताटात," प्राचार्य डॉ. गुळवणी म्हणाले. "भावना महत्त्वाची."

पाहुण्यांच्या खुर्चीवर बसलेल्या भगवंत वायकुळेला थुंकावंसं वाटलं. पण फरशी चकचकीत होती, आणि याच इमारतीत त्यानं चौतीस वर्षं कवळ्या बनवल्या होत्या. वरच्या मजल्यावरची प्रयोगशाळा त्याची. मेण, प्लॅस्टर, धातूच्या टोप्या. बार्शी तालुक्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं, आणि त्यातला एकही म्हातारा त्याला नावानं ओळखत नव्हता. त्याचं त्याला काही नव्हतं.

आज तो दात्याचा नातेवाईक म्हणून आला होता. त्याची बायको शैला तीन वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेली, तिनं देहदान केलं होतं. तशा सात दात्यांची कुटुंबं आज बोलावली होती. शाल, नारळ आणि शेवटी एक सही.

व्यासपीठावर कंपनीचा माणूस उभा राहिला. निनाद नाव. केस असे, की आत्ताच कुणीतरी वरून ओतलेत. त्यानं समजावून सांगितलं, आणि समजावलं चांगलं, हे भगवंतलाही मान्य करावं लागलं. देह गोठवतात. मग डोक्यापासून पायापर्यंत केसाएवढा पातळ थर खरवडतात आणि उघड्या पडलेल्या भागाचा फोटो काढतात. पुन्हा थर, पुन्हा फोटो. एका माणसाचे सोळा हजार फोटो होतात. माणूस संपतो, फोटो उरतात. ते एकावर एक रचले की यंत्रात तोच माणूस पुन्हा उभा राहतो. त्याला कितीदाही कापा, बटण दाबलं की पुन्हा अखंड. हातात एक लेखणी द्यायची. ती हाडाला लागली की अडते, स्नायूत रुतते, नसेवरून घसरते.

"दात्याची ओळख गुप्त असते," निनाद म्हणाला. "चेहरा बदललेला असतो. कुठला क्रमांक कुणाचा, हे इथं कुणालाच माहीत नाही. आज आपण अंतिम संमती दिलीत की ही मॉडेल्स राज्यातल्या सगळ्या महाविद्यालयांत जातील. मूळ फोटो मग पुसून टाकले जातात. आपल्या माणसाच्या गोपनीयतेसाठी."

टाळ्या पडल्या. एक पोरगा पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवू लागला. टेबलावर दात्री क्रमांक सात होती. त्यानं बोटानं गाल उतरवला, ओठ उतरवले, जबडा मोठा करून फिरवला.

भगवंत खुर्चीतून उठला.

खालच्या डाव्या बाजूला, शेवटून दुसऱ्या दाढेवर धातूची टोपी होती. जिभेच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. असा ठिपका तो आपल्या प्रत्येक टोपीवर ठेवायचा, त्यामुळं तशा हजारो असतील. पण या टोपीचा वरचा खळगा जवळजवळ सपाट होता. तशी टोपी त्यानं आयुष्यात एकच केली होती. शैलाला दातानं सुपारी फोडायची खोड. "खळगा ठेवू नका, कण अडकतात," म्हणाली होती. शास्त्राला धरून नव्हतं ते. त्यानं तरी करून दिलं.

बदललेला चेहरा कुणा सिनेमातल्या मावशीसारखा दिसत होता. दात मात्र शैलाचे होते.

त्याला रडू आलं नाही. त्यानं पोराला विचारलं, "डावीकडची जिभेची नस दाखव."

पोरानं दाखवली. पिवळा दोरा. जबड्याच्या हाडाच्या आतल्या अंगानं, अक्कलदाढेच्या जागेपासून चांगला खाली, पुस्तकात असतो तसा, गुळगुळीत.

"ही तिची नस नाही," भगवंत म्हणाला.

"आजोबा, मॉडेल प्रमाणित आहे."

"तुझ्या प्रमाणपत्राला विचार, हिला डाव्या बाजूनं मीठ का लागत नव्हतं."

पोरगा प्राचार्यांकडं बघायला लागला. डॉ. गुळवणी पुढं आले आणि त्यांनी भगवंतच्या खांद्यावर हात ठेवला. हा हात त्यांनी चौतीस वर्षांत कधी ठेवला नव्हता. "भगवंतराव, दुःख असतंच. पाणी घ्या. सही आपण नंतर करू."

"सही नंतरही नाही," भगवंत म्हणाला. शाल खुर्चीवर ठेवली, नारळ तेवढा घेतला. नारळ कामाचा होता.

*

मुलगी तेजू दोन वर्षांची असताना शैलाची डावी अक्कलदाढ ठणकली. भगवंतनंच तिला कॉलेजात आणलं. आपलंच कॉलेज, ओळखीची माणसं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं दाढ काढली. पोरगा हुशार होता, त्यानं पुस्तकाप्रमाणं कापलं. पण शैलाची नस पुस्तकाप्रमाणं नव्हती. खाली हाडाच्या आडोशाला असायची ती हाडाच्या काठावरून, थेट हिरडीखालून जात होती. दहा-बारा माणसांत एखाद्याची अशी जाते. पुण्याच्या सर्जननं नंतर उघडून बघितलं आणि सांगितलं, तुटलीय, गाठ झालीय, आता जुळायची नाही.

तेव्हापासून तिची अर्धी जीभ मेलेली. स्पर्श नाही, चव नाही. जेवताना जीभ चावली जायची आणि रक्त आलं की कळायचं. आमटी उकळली की ती पळीतून दोन थेंब भगवंतच्या तळहातावर टाकायची. "मीठ बघा." बत्तीस वर्षं त्यानं मीठ बघितलं. उजवी अक्कलदाढ मात्र तिनं शेवटपर्यंत कुणाला दाखवली नाही.

देहदानाचा अर्ज भरताना तो कुरकुरला होता. "तुला हीच माणसं सापडली का? एकदा कापलं ते पुरलं नाही?"

"म्हणूनच," शैला म्हणाली. "तो पोरगा वाईट नव्हता हो. त्यानं अशी नस कधी बघितलीच नव्हती. आता शंभर जणांना बघू दे. शंभर जणांना चुकू दे माझ्यावर. मेल्यावर मला काय दुखतंय?"

*

तेजू, म्हणजे डॉ. तेजस्विनी वायकुळे, त्याच कॉलेजात शरीररचना शिकवत होती. दात्रीची मुलगी म्हणून समारंभात तिचीही खुर्ची होती, पण ती परीक्षेच्या कामात अडकली होती. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा भगवंत ओट्यापाशी नारळ फोडत होता.

"तात्या, काय केलंत तुम्ही? गुळवणी सर मला विचारतात, वडलांना कुणाला दाखवलंय का."

"दाखवा म्हणावं. डोक्याचे सोळा हजार फोटो काढा म्हणावं. आत जे असेल ते पुसून पुस्तकातलं घाला."

"असं करतात का कुणी?"

"सात नंबर तुझी आई आहे."

तिनं पर्स खाली ठेवली. "ते कुणालाच कळत नाही. आम्हालासुद्धा नाही."

त्यानं टोपीचं सांगितलं. सपाट खळगा, ठिपका, सुपारी. ती ऐकत राहिली. मग त्यानं नसेचं सांगितलं, आणि तिनं नजर दुसरीकडं वळवली.

"दुरुस्ती झाली असेल," ती हळू म्हणाली.

"कसली दुरुस्ती?"

"फोटोत डाग येतात तात्या. बर्फाची भेग, सुरीचा ओरखडा. यंत्रानं बारा हजार देह बघितलेत. त्यातल्या सरासरीशी जे जुळत नाही, त्यावर ते खूण करतं. मग तपासनीस ठरवतो. ठेवायचं, की सरळ करायचं."

"आणि माझी टोपी? ती कुणी सरळ केली नाही?"

"टोप्या यादीत असतात. यंत्राला ओळखू येतात."

"वा! म्हणजे माझी धातूची टोपी ठेवली आणि तिची नस सरळ केली." त्यानं करवंटी ओट्यावर आपटली. "कोण हा तपासनीस? डोळे आहेत का त्याला? मी कवळ्या करायचो तेजे. कवळी. हलकं काम. पण प्रत्येक तोंडाचा वेगळा साचा घ्यायचो. सरासरी कवळी करून बार्शीभर वाटली असती, तर लोकांनी मला चपलेनं मारलं असतं. आणि तुम्ही डॉक्टर लोक—"

"परीक्षेत एकच उत्तर बरोबर असतं तात्या! नस दोन ठिकाणी दाखवली तर गुण द्यायचे कसे? मुलं कोर्टात जातात."

"मग नापास करा सगळ्यांना. तोंडं तरी वाचतील."

 लॅपटॉप उघडून ती स्वयंपाकघरातच खाली बसली. कंपनीचे तपासनीस म्हणजे शरीररचनेचे शिक्षकच; त्यांना दुरुस्त्यांची वही बघता येत होती. सात नंबर. चार हजारांवर नोंदी. ती खाली सरकवत गेली, आणि मग थांबली. 

"सापडला का शहाणा?" भगवंतनं विचारलं.

तिनं लॅपटॉप त्याच्याकडं फिरवला. भगवंतनं चष्मा लावला.

'जिभेची नस, डावी. जाड गाठ, असामान्य मार्ग. सूचना : सरळ करा. निर्णयाला लागलेला वेळ : एक सेकंद. मान्यता : डॉ. तेजस्विनी वायकुळे.'

खाली आणखी एक ओळ होती. 'जिभेची नस, उजवी. असामान्य मार्ग. सूचना : सरळ करा.' वेळ तोच. नाव तेच.

"दिवसाला चारशे येतात," तेजू म्हणाली. "यंत्राचं बहुतेक बरोबरच असतं. आपण बरोबर म्हणत जातो."

भगवंतला बोलायला पुष्कळ सुचलं. अर्धी जीभ मेलेल्या बाईनं भरवून वाढवलेली पोरगी, आणि तिला एक सेकंद लागला. हे तो बोलला असता तर ती पुन्हा या घरात आली नसती. आणि मग त्याला आठवलं, की दाढ काढायला शैलाला कॉलेजात कुणी आणलं होतं. त्यालाही त्या वेळी फार वेळ लागला नव्हता. "चल, आपलंच आहे," एवढंच तो म्हणाला होता.

"उजवीचं उघड," तो म्हणाला. "मूळ फोटो."

तिनं उघडले. लालसर मांसाचे गोल गोल थर, एकामागून एक. उजवी अक्कलदाढ हिरडीत आडवी पडलेली, कुणी हात न लावलेली. आणि तिच्या मागं, हिरडीच्या अगदी खाली, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. पुढच्या थरात तोच ठिपका, जरा पुढं. नस. डावीसारखीच, हाडाच्या काठावरून.

"ही पण वरूनच," तेजू म्हणाली. "आईनं ही दाढ काढली असती तर..."

"नाही काढली. तुम्हा लोकांना ओळखून होती ती."

*

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत चौघं बसले. निनादनं हात जोडले. "काका, तुम्ही सही केली नाही तर कंपनी सात नंबर मागं घेईल. दुसरी दात्री आहे आमच्याकडं. तुमच्याच पत्नीचं दान वाया जाईल."

"आणि सही केली तर मूळ फोटो पुसणार."

"नियम आहे."

"म्हणजे सही नाही केली तर ती नाही, आणि केली तरी ती नाही. दुकान चांगलंय तुमचं."

डॉ. गुळवणींनी चष्मा पुसला. "भगवंतराव, पहिल्या वर्षाच्या मुलांना आधी नियम शिकवायचा असतो. अपवाद पुढं कळतात."

"कुणाच्या तोंडात कळतात?"

 गुळवणींनी तेजूकडं बघितलं. "डॉक्टर, तुम्ही समजवा. विभागप्रमुखपदाची तुमची फाईल माझ्या टेबलावर आहे, हे मी मुद्दाम सांगत नाही."

"मुद्दाम नाही, सहज सांगितलंत," तेजू म्हणाली. मग निनादला, "दिलेली मान्यता तपासनिसाला स्वतः मागं घेता येते ना? अंतिम संमतीच्या आधी?"

निनादचं हसू जरा आखडलं. "येते. पण लेखी कारण लागतं. आणि मॅडम, एक मान्यता मागं घेतली की त्या तपासनिसाच्या सगळ्याच पुन्हा तपासायला निघतात. तुमच्या किती आहेत?"

"एकतीस हजार."

"तेजस्विनी," गुळवणी म्हणाले, "या वर्षीची परीक्षा त्याच मॉडेल्सवर आहे."

"मग परीक्षा पुढं ढकला, सर." तिनं तिथंच निनादचा टॅब ओढून घेतला. भगवंत बाजूनं वाचत होता. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं : 'मी न बघता मान्यता दिली.' पुढं काहीतरी मोठं वाक्य सुरू केलं, खोडलं, आणि पहिलंच ठेवलं.

गुळवणींनी टेबलावरची एक फाईल उचलून खणात टाकली. खण जोरात लावला. एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या माणसाला रागसुद्धा खणावर काढावा लागतो, हे बघून भगवंतला बरं वाटलं.

*

तीन आठवड्यांनी पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक होतं. विभागप्रमुख कुणीतरी दुसरेच झाले होते. तेजू मात्र वर्गावर होती. तिनं वडलांना कोपऱ्यात स्टूल दिलं होतं. नियमात बसत नव्हतं, पण नियमांचं तिला आता फारसं वाटत नव्हतं.

काम साधं : सात नंबर, उजवी अक्कलदाढ काढा. प्रत्येकानं आपापल्या टेबलावर, लेखणीनं. काही बदललंय, हे कुणाला सांगितलं नव्हतं.

पोरं पुस्तकाप्रमाणं कापू लागली. सराईत हात. वर्षानुवर्षं खेळ खेळून तयार झालेले. दाढेच्या मागं चीर, आतल्या बाजूला जरा जास्त ओढलेली, आणि संपलं. टेबलांवर एकामागून एक जिभा दिसत होत्या, आणि त्यांचा उजवा अर्धा भाग राखेसारखा करडा होत होता. रक्त नाही, किंकाळी नाही. एक पोरगा करडी जीभ बघून म्हणाला, "सर्व्हर गंडला."

दुसऱ्यानं हात वर केला. "मॅडम, मॉडेल चुकलंय. पुस्तकात नस इथं नाहीच."

"तुला पुस्तकाची दाढ काढायचीय का?" कोपऱ्यातून भगवंत म्हणाला.

वर्ग हसला. पोरगा लाल झाला. "हे कोण?"

"कवळ्या करायचे इथं," तेजू म्हणाली. "तुमच्यापेक्षा जास्त तोंडं बघितलीत त्यांनी. पुन्हा करा. चीर द्यायच्या आधी लेखणीनं चाचपा."

खिडकीकडच्या टेबलावर एक जाड भिंगाची पोरगी अजून चीर न देता बसली होती. लेखणी हिरडीवर ठेवायची, उचलायची, पुन्हा ठेवायची. शेजारणीनं तिला डिवचलं, "अगं, झोपलीस का? सगळ्यांचं झालं."

"इथं काहीतरी घसरतंय," ती म्हणाली. "हाड नाही. मी बाहेरून कापते."

तिनं बाहेरून कापलं. दाढ निघाली. जीभ गुलाबी राहिली.

तास संपला तेव्हा पडद्यावर आकडा आला. पहिल्या फेरीत चौसष्टपैकी त्रेसष्ट जणांनी नस तोडली होती. तेजूचा चेहरा उतरला. तिला वाटलं, तात्या आता काहीतरी बोलतील, आणि ते ऐकून घ्यावंच लागेल.

भगवंत स्टुलावरून उठला, गुडघा धरून टेबलापाशी आला. दात्री क्रमांक सात पुन्हा अखंड झाली होती. परका चेहरा, शैलाचे दात. नसेच्या शेजारी पाटी होती. मान्यता मागं घेतल्यावर यंत्रानं तिथं 'दोष' असं लिहिलं होतं. तेजूनं बदलून 'जशी होती तशी' लिहिलं होतं.

"तो संमतीचा कागद आण," तो म्हणाला.

"तात्या, त्रेसष्ट जणांनी तोडली."

"मोजता येतं मला. आण." तिनं कागद टेबलाच्या काचेवरच उघडला, त्यानं बोटानं सही केली. वेडीवाकडी आली, पण यंत्रानं ती सरळ करायची का, असं विचारलं नाही. "तिनं शंभर म्हणून सांगितलं होतं. उद्याच्या तुकडीत होतील."

मग पुढच्या तासाला, उशिरा प्रवेश मिळालेल्या तुकडीच्या पोरांना पहिल्या दिवसाची रीत म्हणून ताटातली फुलं काचेवर ठेवताना बघून तो त्यांच्यावर खेकसला, "झटकून ठेवा रे, गाढवांनो! पाणी झटका!"